गावाचा तट कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतील जिंजी. याचा आनंद आम्हांलाही झाला. पण अशी यादी आली की वऱ्हाडात एक प्रश्न ठरलेला असतो : गाविलगड का नाही, नरनाळा का नाही? प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारतानाही आपण तीच मोजपट्टी वापरतो. डोंगर असावा, त्यावर बुरूज असावा, त्याला राजाचे नाव असावे. मग तो वारसा. अमरावतीचा परकोट या मोजपट्टीत बसत नाही, म्हणून त्याच्याविषयी कोणी विचारीतही नाही. आमची तक्रार इथून सुरू होते.

हा परकोट कोणा राजाच्या राहण्यासाठी उभा राहिलेला नाही. १८०३ च्या देवगावच्या तहाने वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेले आणि १८०७ च्या सुमारास निजामाच्या अमदानीत अमरावतीभोवती दगडी तट घालण्यास प्रारंभ झाला. कारण उघड होते : पेंढाऱ्यांची धाड आणि आत श्रीमंत व्यापाऱ्यांची पेठ. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे पाहा. कोणत्या दिशेची वाट कोणत्या दाराने आत येते, हे ती नावेच सांगतात. राजाच्या किल्ल्यावर दरवाजाला ‘महादरवाजा’ म्हणतात. बाजाराच्या तटाला वाटसरूच्या गावाचे नाव मिळते.

जगाने असल्या गावांना वारसा मानलेले नाही, असे मुळीच नाही. लिबियातील गदामेस, येमेनमधील शिबाम, मॉरिटानियातील वादान आणि शिंगेटी ही वाळवंटातील तटबंद गावे युनेस्कोच्या यादीत केव्हाच गेली. आपल्याकडचे जैसलमेर २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर गेले. पाणी, साठवलेला माल आणि येणारा तांडा या तीन गोष्टी राखण्यासाठी तिथे भिंती उभ्या राहिल्या. वऱ्हाड वाळवंट नव्हे. आमची काळी माती कापसाची. पण पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अकोल्यापासून दर्यापूरपर्यंत, विहिरीला खारट पाणी लागते आणि गोड्या पाण्याचे मोल काय, हे तिथल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. पाणी आणि पेठ धरून बसलेल्या या गावांचे गोत रायगडापेक्षा त्या दूरच्या गावांशी अधिक जुळते, असे आमचे म्हणणे आहे.

आता अकोल्याकडे वळू. तिथला किल्ला असदगड, औरंगजेबाच्या अमदानीतील, असदखानाच्या नावाचा. त्याच्या दहीहांडा वेशीवर त्या काळचा लेख. आणि अगरवेशीवर मात्र मराठी लेख, जो म्हणतो की हा किल्ला १८४३ मध्ये गोविंद आप्पाजीने बांधला! इतर सर्व लेखांशी हे विधान विसंगत आहे, असे म्हणून गॅझेटियर पुढे जाते. इतिहासकाराने पुढे जावे. साहित्याच्या अभ्यासकाने कसे जावे? एकाच वास्तूवर दोन लेख, दोन भाषा आणि दोन कर्ते. १८४३ मध्ये, निजामाचे राज्य असताना, वेशीवर मराठीत आपले नाव कोरावे असे कोणाला का वाटले? त्याने डागडुजी केली, बुरूज बांधला, की नुसता हक्क सांगितला? संहिता, पाठभेद, कर्तृत्व हे शब्द वर्गात आपण इतके वापरतो, आणि दगडावरचा हा पाठभेद एकाही अभ्यासक्रमात नाही.

मराठीत दुर्गप्रेमाची भाषा घडवणाऱ्यांत गो. नी. दांडेकरांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म परतवाड्याचा. म्हणजे इमादशाहीच्या राजधानीला, अचलपूरला, खेटून. ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये ते वऱ्हाडात परत येतात ते बोलीसाठी, गडासाठी मात्र सह्याद्रीत जातात. हा त्यांचा दोष आम्ही मानीत नाही. दोष त्यानंतरच्या आपल्या वाचनाचा आहे. वऱ्हाड म्हटले की बोली, विनोद आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख, एवढेच आपण स्वीकारले. वऱ्हाडाला नगरे होती, पेठा होत्या, तट होते, ही गोष्ट आपल्या समीक्षेच्या गावीही नाही.

यावर कोणी म्हणेल, हा तर निजामाचा तट, तो मोगलांचा किल्ला. आपले त्यात काय? आमचे उत्तर अमरावतीच्याच एका खिडकीपाशी आहे. तिचे नाव खुनारी. १८१८ च्या मोहरमात तिच्या आसपास झालेल्या दंग्यात शेकडो माणसे मेली, म्हणून हे नाव पडले. तट बाहेरच्या पेंढाऱ्यांसाठी होता. रक्त आत सांडले. २०२१ मध्ये अमरावतीत आणि २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात जे घडले, त्यानंतर या नावाचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नसावी. ज्याचा अभिमान वाटतो तेवढाच वारसा, असे म्हणणाऱ्याने ही खिडकी काय करायची ते सांगावे. आमच्या मते ती, तिच्या नावासह, सर्वांत आधी राखली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तटाला टेकून संसार उभे आहेत, दारांतून रहदारी चालते, त्यांचे काय? माणसे उठवून भिंती राखाव्यात, असे आम्ही म्हणत नाही. गदामेसची वस्ती गेल्या शतकाच्या अखेरीस नव्या घरांत गेली आणि जुने गाव बरेचसे कवचासारखे उरले. उलट जैसलमेरच्या किल्ल्यात माणसे राहतात. पण नळाचे पाणी आले, निचऱ्याची सोय मात्र तशी झाली नाही, आणि मुरलेल्या पाण्याने बुरूज खचले. दोन्ही उदाहरणे एकच सांगतात : असल्या गावाचे जतन म्हणजे आधी गटाराचे, पाण्याचे आणि घरदुरुस्तीचे काम. दरवाजाला रंग फासून त्यावर दिव्यांच्या माळा सोडणे हे त्याहून सोपे, म्हणून तेच होते.

असदगड इंग्रजी अमदानीत पाडला गेला. तो दोष इंग्रजांचा. अगरवेशीचा लेख वाचला गेला नाही, तो दोष आपला. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. अमरावती तिथून दूर नाही, अकोलाही नाही. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांनी या दोन गावांतील वेशी, खिडक्या, त्यांची नावे आणि त्यांवरचे लेख नोंदवून काढले, तरी वऱ्हाडाच्या वाङ्मयेतिहासाला एक प्रकरण मिळेल. त्यासाठी युनेस्कोची वाट पाहावी लागत नाही.