नमस्ते म्हणजे अक्षरे किती?

गेल्या वर्षी विद्यार्थ्यांची ओळखपत्रे छापून आली आणि दुसऱ्याच दिवशी एक पालक आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "गुरुजी, आमच्या मुलाचे नाव ज्ञानेश्वर. येथे काय झाले आहे ते आपणच पाहा." ओळखपत्रावर 'ज्ञानेश्' असे, शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेले नाव होते. छापणाऱ्याकडे चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की, नावासाठी ८ अक्षरांची मर्यादा आहे आणि हे नाव १० अक्षरांचे आहे. ज्ञा, ने, श्व, र या चार अक्षरांची दहा कशी झाली, हे मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसास काही केल्या उमगेना. ते शोधण्याच्या नादात आम्ही ऐन पन्नाशीनंतर संगणकाची एक भाषा शिकावयास बसलो. घरोघरी मुले हल्ली हेच शिकत आहेत. तेव्हा आमची धडपड त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून ती येथे नोंदवितो.

भाषेचे नाव रस्ट. आमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, पायथॉन सोपी आहे, काम त्यानेही होईल. पण अक्षर म्हणजे काय ते मुळापासून पाहावयाचे असेल, तर रस्ट घ्या." रस्ट म्हणजे लोखंडाचा गंज, असा आमचा समज होता. परंतु तिचे जनक ग्रेडन होअर यांनी हे नाव वनस्पतींवर पडणाऱ्या बुरशीवरून घेतले, म्हणजे आपल्या गव्हावरील तांबेरा! कॅनडातील व्हँकूव्हर शहरी ते २१ व्या मजल्यावर राहत. २००६ साली एकदा घरी परतले तो लिफ्ट बंद. प्रोग्राम कोलमडला होता, आणि असे प्रोग्राम पुष्कळदा मेमरीच्या गैरव्यवस्थेने कोलमडतात हे त्यांस ठाऊक होते. जिने चढता चढता या भाषेचा विचार सुरू झाला, असे सांगतात. पुढे मोझिला या संस्थेने तिला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली.

संगणकाच्या अगदी आतली कामे १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी रचलेल्या सी भाषेत होत आली. सी भाषा मेमरीचा सारा कारभार लिहिणाऱ्याच्या हाती सोपविते आणि चुकलात तरी बोलत नाही. रस्ट मात्र पावलोपावली अडविते. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तिला प्रवेश मिळाला.

हे अडविणे कशासाठी, ते समजण्यास बडोदेकरांना दूर जावयास नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस बोलावून ज्या ग्रंथालय-व्यवस्थेचा पाया घातला, तिचे केंद्र असलेली सेंट्रल लायब्ररी आठवावी. पुस्तकाचा मालक एक, वाचक अनेक. मालकाने ते कायमचे दुसऱ्यास देऊन टाकले, तर त्याचा हक्क तेथेच संपला. वाचावयास उसने घेणारे कितीही असोत; परंतु कोणी त्यात पेन्सिलीने दुरुस्ती करीत असेल, तर तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी ते उघडता कामा नये. आणि पुस्तक रद्दीत गेल्यावर कोणाच्या हाती त्याची उसनवारी उरता कामा नये. रस्टचा कंपायलर हेच नियम प्रोग्राम चालण्यापूर्वी तपासतो. प्रारंभी आमचा दर दुसरा प्रयत्न 'ई ०३८२' या क्रमांकाच्या चुकीने परत येई: देऊन टाकलेली वस्तू पुन्हा वापरली! आमच्या लाल शाईच्या पेनाला उभ्या हयातीत इतका धाक नव्हता. तथापि चूक कोठे झाली, का झाली आणि काय केल्यास सुटेल, हे तो सविस्तर सांगतो. सर्वांत वरची चूक आधी वाचावी. खालच्या पुष्कळशा तिचीच पिलावळ असतात. मालकीचा गुंता सुटेना, तर नवख्याने खुशाल वस्तूची नक्कल काढून काम भागवावे. काटकसर पुढे शिकता येते.

आता अक्षरांकडे वळू. या भाषेचे अधिकृत पाठ्यपुस्तक विनामूल्य वाचावयास मिळते. त्याच्या आठव्या प्रकरणात चक्क 'नमस्ते' हा शब्द उदाहरणादाखल आहे. त्याचे बाइट १८, संकेत ६, कारण पाय मोडण्याची खूण आणि मात्रा हेही स्वतंत्र संकेत. आणि अक्षरे ४: न, म, स्, ते. येथे आम्ही थबकलो. पहिलीतील मूलही तीन सांगेल! जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. तो देवनागरीस लागू आहे, तसाच गुजरातीसही. अक्षरे मोजण्याची सोय रस्टच्या मूळ संचात नाही. 'युनिकोड सेगमेंटेशन' नावाची जोडणी घ्यावी लागते. ती जुनी असेल तर ज्ञानेश्वराची अक्षरे ६ भरतात, नवी असेल तर ४. तेव्हा आवृत्ती पाहूनच घ्यावी.

छापणाऱ्याचे ८ म्हणजे ८ संकेत, हे आता कळले. आम्ही रस्टला याच नावाचे पहिले ८ बाइट तोडून मागितले, तेव्हा प्रोग्राम जागच्या जागी थांबला. संकेताचा तुकडा देण्यास त्याने नकार दिला. पण ८ संकेत मागताच त्याने निमूटपणे 'ज्ञानेश्' हातावर ठेवले. मालकीच्या बाबतीत इतका करडा असणारा कंपायलर येथे गप्प होता. श्व हे एक अक्षर आहे, हे त्यास आम्हीच सांगावयाचे होते.

अक्षरे मोजून नावे बसविणारा प्रोग्राम चाळीस ओळींत झाला आणि ज्ञानेश्वरास पूर्ण नावाचे ओळखपत्र मिळाले. (२०२१ च्या १.५३ या आवृत्तीपासून प्रोग्राममधील नावेही देवनागरीत ठेवता येतात. आम्ही 'गुण' आणि 'तुकडी' हौसेने ठेविली.) आता एक नवेच प्रकरण हाती आले आहे. दोन याद्या ताडून पाहताना 'कऱ्हाडे' हे आडनाव जुळेना. एकाने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहिले होते, दुसऱ्याने साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडखूण घातली होती. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी. प्रोग्रामच्या मते मात्र माणसे दोन. उन्हाळी सुट्टीत त्याचा निकाल लावावयाचा आहे.