घरात पिसवा? जिन्याखालच्या मांजरांना हाकलून काही होणार नाही

पावसाळा लागला की वर्सोव्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो : घोट्यांवर लाल पुळ्या उठल्यात, पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे का? पाठोपाठ आरोपीही ठरतो. जिन्याखालची मांजरं! हाकला त्यांना.

मला हे पटत नाही. भटक्या मांजरांवर पिसवा असतात, हे खरं. पण कोळीवाडा आणि मासळीमुळे इथे मांजरं राहणारच. एक गेलं की दुसरं येतं. तोवर पिसवांनी तुमच्या घरात बस्तान बसवलेलं असतं.

कुत्र्या-मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के मानल्या जातात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात, प्राण्याच्या अंथरुणात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि ती गुळगुळीत अंडी केसांतून घरभर गळतात. हवा कोरडी असेल तर अळ्या सुकून मरतात. समुद्रकाठी ते कुठलं व्हायला! कोष तर सगळ्यात चिवट. फवारणी आत पोहोचत नाही आणि आतली पिसू ऊब, पावलांची थरथर जाणवेपर्यंत कित्येक आठवडे थांबते. गणपतीला गावी जाऊन आल्यावर बंद घरात पाऊल टाकताच चावे सुरू होतात, ते यामुळेच.

म्हणून एका फवारणीनंतर पंधरा दिवसांत ‘औषध बोगस होतं’ अशी तक्रार येते. औषध ठीक असतं, आपण लवकर थांबतो.

चुकीच्या जागी लढण्याची मुंबईला जुनी सवय आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये घरं औषधाने धुतली गेली, माणसं हलवली गेली. पिसूकडे बोट दाखवलं ते पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने, १८९८ मध्ये, कराचीत. (घाबरू नका, ती उंदरांवरची पिसू वेगळी.)

घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला पशुवैद्यांनी वजन बघून दिलेलं औषध, किमान तीन महिने, न चुकता. अंथरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात. व्हॅक्यूम रोज, आणि त्यातला कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर. शंका असेल तर प्राण्याचे केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवा. लालसर डाग उतरला तर ती पिसूची विष्ठा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका : कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं, त्याने मांजर आकडी येऊन मरू शकतं. रॉकेल चोळणंही नको.

आणि सोसायटीकडे पेस्ट कंट्रोलसाठी पैसे असतील, तर त्यातले थोडे जिन्याखालच्या मांजरांच्या औषधावर खर्च करा. त्यांना रोज खाऊ घालणारी कुणीतरी काकू प्रत्येक इमारतीत असतेच. मांजरं तिच्याच हाताला येतात.