ताशी पंचवीस : कागदावरची मर्यादा आणि रस्त्यावरचे असत्य

स्वामीमलैच्या स्वामीनाथ मंदिरात देवापर्यंत पोहोचण्यासाठी साठ पायऱ्या चढाव्या लागतात. साठ संवत्सरांची नावे त्या पायऱ्यांना दिलेली आहेत. पायरी सहा इंचांची धरली, तर बावन्नाव्या पायरीवरून सरळ खाली उडी घेण्याचा विचार कोणताही शहाणा माणूस करणार नाही. मात्र त्या उडीत शरीराला जो आघात पोहोचेल, त्याच्या तोडीचा वेग घेऊन आज शाळकरी मुले विद्युत दुचाकीवर, डोक्यावर शिरस्त्राण नसताना, बाजारपेठेतून जातात. त्यांच्या गाडीची नोंदणी नसते, त्यांच्याजवळ परवाना नसतो आणि कायदा म्हणतो की त्याची आवश्यकताच नाही. हे विधान अलंकारिक नाही. त्याचा हिशेब पुढे मांडला आहे. वाचकांनी तो तपासून पाहावा.

तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून मराठी नांदलेल्या या कावेरीकाठी, कुंभकोणमच्या एका दुकानात मी विचारले, "ही गाडी ताशी किती किलोमीटर जाते?" उत्तर मिळाले, "कागदावर पंचवीस. एक वायर सोडवली की पंचेचाळीस." विक्रेत्याच्या स्वरात चोरटेपणा नव्हता, तो वैशिष्ट्य सांगत होता. हाच संवाद पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात ऐकलेले वाचक थोडे नसतील.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील दुसऱ्या नियमाच्या व्याख्येनुसार, ज्या बॅटरीचलित वाहनाच्या मोटरची 'तीस मिनिटांची शक्ती' २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ते वाहन मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीनंतर 'मोटार वाहन' मानले जात नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक चाचणी संस्था. या एका वाक्यातून पुढचे सारे निघते. मोटार वाहन नाही, म्हणून परवाना नाही, नोंदणी नाही, विमा नाही, शिरस्त्राणाची सक्ती नाही आणि वयाची अटही नाही.

येथे एक मूलभूत गोंधळ आहे. ताशी २५ ही रस्त्यावरची वेगमर्यादा नव्हे. ती यंत्राची व्याख्या आहे. रस्त्यावर वेग मोडणाऱ्याला शिक्षा करणारी कलमे मोटार वाहनांसाठी आहेत. ज्या वाहनाला मोटार वाहनच म्हटलेले नाही, त्याला ती लागत नाहीत. म्हणजे मुलाची, त्याच्यामागे बसलेल्या धाकट्या बहिणीची आणि समोरून येणाऱ्या आजीबाईंची सुरक्षितता या एका आकड्यावर टांगलेली आहे. तो आकडा एका वायरीवर टांगलेला असेल, तर व्यवस्थेचा पायाच खोटा ठरतो.

आता हिशेब. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.९ मीटर. हा वेग जितक्या उंचीवरून पडल्याने येतो ती उंची वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागून मिळते : सुमारे २.५ मीटर. ताशी ४५ ला हीच उंची जवळजवळ ८ मीटर होते. स्वामीमलैच्या पायऱ्यांत सांगायचे, तर पहिली उडी सोळाव्या पायरीवरची आणि दुसरी बावन्नाव्या पायरीवरची. वेग दुप्पटही झालेला नाही, पण गतिज ऊर्जा सव्वातीनपट झाली आहे. थांबण्याचे अंतरही पाहावे. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि ब्रेकचे मंदन सेकंदावर्गाला ५ मीटर धरले, तर ताशी २५ ला वाहन सुमारे १२ मीटरांत थांबते. ताशी ४५ ला सुमारे २८ मीटर लागतात. मंदिरासमोरच्या गल्लीत हे सोळा मीटर कोठून आणायचे?

शक्तीचा हिशेब याहून बोलका आहे. गाडी आणि स्वार मिळून १४० किलो वस्तुमान, टायरांचा नेहमीचा घर्षणरोध आणि ताठ बसलेल्या माणसाला होणारा हवेचा रोध एवढे गृहीत धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी २५ राखण्यास सुमारे अडीचशे वॅट पुरतात. म्हणजे नियमातले दोन्ही आकडे परस्परांना पूरक आहेत; ते लहरीने निवडलेले नाहीत. परंतु ताशी ४५ राखायचे झाल्यास साडेनऊशे वॅटच्या आसपास शक्ती लागते, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने आणि त्याला लागणारी शक्ती घनाने वाढते. तात्पर्य असे की, जी गाडी वायर सोडवल्यावर सपाट रस्त्यावर अर्धा तास ४५ ने धावते, तिची मोटर २५० वॅटची असूच शकत नाही. लेबल खोटे आहे हे सिद्ध करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अकरावीचे पदार्थविज्ञान पुरते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे : "इतक्या अल्प शक्तीने उड्डाणपूल चढत नाही." कावेरीच्या सपाट खोऱ्यात ही अडचण जाणवत नाही, पण पुण्याच्या पुलांवर किंवा साताऱ्याच्या चढावर ती खरी आहे. शंभर मीटरांत पाच मीटर चढ असेल, तर अडीचशे वॅटवर वरील गाडी जेमतेम ताशी दहा किलोमीटर चालेल. पण नियमातला शब्दप्रयोग लक्षात घ्यावा : 'तीस मिनिटांची शक्ती'. मोटरने क्षणभर अधिक जोर लावण्यास ही व्याख्या आडवी येत नाही. पुलाच्या एका मिनिटाची सोय कायद्यात आहेच. घाटातल्या लांब चढासाठी ती अपुरी वाटत असेल, तर शक्तीची मर्यादा वाढवण्याची उघड मागणी करावी. तिला माझा पाठिंबा आहे. चढ चढण्यास शक्ती लागते, ताशी ४५ चा वेग लागत नाही. शक्तीची गरज पुढे करून वेगाची चोरी खपवणे हा युक्तिवाद नव्हे, ती पळवाट आहे.

नियमातही एक दोष आहे. वाहनाचे वजन ६० किलोंहून अधिक नसावे अशी अट आहे, पण ते बॅटरी वगळून मोजायचे. शिशाच्या बॅटऱ्यांचा संच पंचवीस-तीस किलोंची भर सहज घालतो. धडक देताना गाडी बॅटरी बाजूला काढून ठेवत नाही. सिंगापुरात अशा व्यक्तिगत विद्युत साधनांच्या वजनाची मर्यादा २० किलो आहे. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये विद्युत स्कूटरना पदपथांवर मनाई करावी लागली. जर्मनीत पेडलला २५० वॅटपर्यंत आणि ताशी २५ पर्यंत साहाय्य देणारी सायकल ही सायकलच मानतात. मात्र ४५ पर्यंत साहाय्य देणाऱ्या सायकलीला विम्याची पाटी, परवाना आणि शिरस्त्राण लागते. तेथे २५ आणि ४५ यांच्यामध्ये रेघ आहे. आपल्याकडे वायर आहे.

आपले सरकार याबाबत अनभिज्ञ नाही. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणीची मोहीम उघडली होती. पण मोहीम संपते आणि दुकान उघडेच राहते. कायद्यात साधने पुरेशी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य मोटार वाहन विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो. ताशी ४५ धावणारी गाडी 'मोटार वाहन नाही' असे सांगून विकणे हा याच जातीचा व्यवहार आहे. तथापि चौकात अडवला जातो तो मुलगा, विक्रेता नव्हे. त्या मुलाच्या पालकांना हेही ठाऊक नसते की, वायर सोडवताच गाडी कायद्याने मोटार वाहन होते. मग कोणी जखमी झाल्यास भरपाई द्यायला विमा नसतो आणि अल्पवयीनाच्या हाती वाहन दिल्याबद्दल कलम १९९-अ पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद सांगते.

म्हणून मागण्या चारच. चाचणी उत्पादकाने पाठवलेल्या नमुन्याची नको. दुकानातून उचललेल्या गाडीची हवी. वेगाचे कुलूप सोडवता येत असेल, तर सोडवल्यानंतरचा वेग हाच तिचा कमाल वेग मानावा. वजन बॅटरीसह मोजावे. आणि शिरस्त्राण वाहनाच्या व्याख्येवर नव्हे, डोक्याच्या नाजूकपणावर ठरावे.

विद्यार्थीमित्रांनो, स्वामीमलैची कथा तुम्हाला ठाऊक असेल. येथे पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ सांगितला आणि पित्याने तो शिष्यभावाने ऐकला. आज घराघरांत अशी गाडी विकत घेतली जात आहे आणि बापाच्या हाती माहितीपत्रक आहे. त्याला ८ मीटर आणि २.५ मीटर यांचा अर्थ तुम्ही सांगा. पण त्याआधी आपल्या स्वतःच्या गाडीची ती वायर पुन्हा जोडा.