पटावरचें मूल आणि वर्गांतलें मूल

प्राथमिक शाळेच्या वर्गांत पाऊल टाकल्याबरोबर फळ्याच्या कोपऱ्यांत दोन आंकडे लिहिलेले दिसतात. एक पटाचा, दुसरा हजर मुलांचा. पट ३१, हजर २४. पाहुणे, अधिकारी, पालक, सर्वांची दृष्टि प्रथम तिकडे जाते आणि लगेच दुसरीकडे वळते. या दोन आंकड्यांमध्यें जीं सात मुलें हरवलीं तीं त्या घटकेला कोठें आहेत, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. हायस्कूलच्या वार्षिकांत हा विषय काढलेला पाहून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु आमची प्राथमिक शाळा याच आवारांत भरते, आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचीं धाकटीं भावंडें तेथें शिकत आहेत, आणि आठवींत येऊन जीं मुलें अडखळतात त्यांच्या अडखळण्याचें मूळ शोधूं गेल्यास तें बहुधा तिसरी-चौथींतील बुडालेल्या दिवसांत सांपडतें, असा आमचा अनुभव आहे.

"एक दिवस शाळा बुडाली तर काय बिघडलें?" हें वाक्य आम्हीं इतक्या घरांतून ऐकलें आहे कीं त्याचा हिशेब एकदां मांडून दाखविणें अवश्य वाटतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीचे वर्ग वर्षांतून निदान २०० दिवस भरले पाहिजेत. आठवड्याच्या सहा दिवसांपैकीं एकच दिवस जें मूल घरीं राहतें त्याचे वर्षाकाठीं सुमारें ३३ दिवस जातात, आणि पांच वर्षांत १६५. म्हणजे पांच इयत्ता ओलांडलेलें तें मूल वास्तविक सव्वाचार वर्षांपेक्षांहि कमीच शिकलेलें असतें. मात्र हा हिशेबहि अपुरा आहे. कारण बुडालेला दिवस एकटा बुडत नाहीं. सोमवारीं गुरुजींनीं हातच्याची वजाबाकी शिकविली. बेचाळीसांतून सतरा वजा करावयाचे, दोनांतून सात जात नाहींत, म्हणून शेजारच्या चार दशकांतील एक दशक सुटा करून घ्यावयाचा. जें मूल मंगळवारीं आलें त्याला तो दशक कोठून आला आणि चाराचे तीन कसे झाले, याचा पत्ता लागत नाहीं. इतर मुलें भराभर उत्तरें सांगतात, हें मान खालीं घालून बसतें. बुधवारीं सकाळीं त्याचें पोट दुखूं लागतें. आणि आम्ही सांगतों, तें खरोखरच दुखतें.

पण वजाबाकी पुढेंमागें शिकवितां येईल. शाळेंतील जी गोष्ट मागाहून भरून काढतां येत नाहीं ती निराळीच आहे. सकाळचा परिपाठ, एकसुरानें म्हटलेले पाढे, बालसभेंत पाय लटपटत असतां सांगितलेली गोष्ट, परसबागेंतील मेथीचे वाफे, पाण्याच्या हंड्याची पाळी, मधल्या सुटींतील भांडण आणि तें सुटी संपण्यापूर्वीं मिटविण्याची घाई, हें सर्व मिळून प्राथमिक शाळा होते. पुस्तक घरीं वाचतां येतें; पाळी घरीं लागत नाहीं. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां धडे भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोंचविण्याचा पुष्कळ खटाटोप झाला. ज्यांच्या घरीं तें यंत्र नव्हतें त्यांचें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या घरीं तें होतें तीं मुलेंहि शाळा उघडल्यावर जेव्हां परत आलीं, तेव्हां रांगेंत उभें राहणें, दुसऱ्याचें बोलणें पुरें होईपर्यंत थांबणें, पेन्सिल उसनी मागणें, या साध्या गोष्टीहि विसरून आलेलीं आम्हीं पाहिलीं. धडे त्यांच्यापर्यंत पोहोंचले होते; शाळा पोहोंचली नव्हती.

मुलें शाळेंत यावींत म्हणून आजवर काय काय उपाय झाले, याचा इतिहास मनोरंजक आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं बडोदें संस्थानांतील अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ सालीं ती सर्व संस्थानास लागू केली. गोखल्यांनीं १९११ सालीं मांडलेलें विधेयक कायदेमंडळांत टिकलें नाहीं. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू करतांना मुलांस शाळेंत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठेविला. पुढें १९९२ सालीं महाराष्ट्र शासनानें दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठीं दररोज एक रुपया उपस्थिति-भत्त्याची योजना काढली. पाऊणशें वर्षांत रुपयाची दिशा उलटली. पूर्वीं तो पालकाच्या कनवटीचा सरकारांत जात असे, आतां सरकारांतून पालकाकडे येऊं लागला. दोन्ही उपायांचा हेतु थोर होता यांत शंका नाहीं. परंतु रुपया देणारा वा घेणारा, दोघेहि पालकाशींच बोलतात; मुलाशीं कोणी बोलत नाहीं.

अन्नाची गोष्ट या दृष्टीनें विशेष विचार करण्यासारखी आहे. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्र सरकारनें प्राथमिक शाळांसाठीं पोषण आहाराची योजना सुरू केली. प्रारंभीं बहुतेक ठिकाणीं शिजविलेलें अन्न न देतां, महिन्याची हजेरी शेंकडा ८० भरली म्हणजे मुलामागें तीन किलो धान्य देत. पिशवी घेऊन पालक येत, धान्य घरीं जाई, आणि घरांतील सर्व तोंडांत वांटलें जाई. त्यांत गैर कांहींच नव्हतें. पुढें नोव्हेंबर २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच दिलें पाहिजे असा आदेश दिला, आणि शाळांच्या आवारांत खिचडीचीं पातेलीं चढलीं. तांदूळ तोच, पण फरक केवढा! धान्य हें हजेरीचें मोल होतें. खिचडी ही पंगत आहे. पंगतींत शेजारीं कोण बसला याची जात विचारावयाची नसते (निदान विचारूं नये), वाढणाऱ्याची वाट पाहावयाची असते, आणि एखादें पान रिकामें राहिलें तर तें सर्वांच्या डोळ्यांवर येतें. मुलाला शाळेकडे ओढून आणणारी शक्ति आमच्या मतें त्या रिकाम्या पानांत आहे. आपण गेलों नाहीं तर आपली जागा कोणाला तरी रिकामी दिसेल, ही जाणीव ज्या मुलाला झाली त्याला घंटा ऐकूं येण्यापूर्वींच शाळेची आठवण होते.

मुलें येत नाहींत याचा दोष मुलांवर लोटण्यापूर्वीं शाळेनें आपल्याकडे पाहावें, हा धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं घालून दिला. १९४५ सालीं बोर्डी येथें आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं जें काम केलें तें सर्वश्रुत आहे. वारली मुलें शाळेंत टिकत नाहींत, असें सर्व म्हणत. या दोघींनीं तीं काय करीत असतात तें जाऊन पाहिलें. आईबाप मजुरीला गेलेले, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, मुलगा गुरांमागें रानांत. तेव्हां त्यांनीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागीं आणून विकासवाडी केली, म्हणजे ताई आपल्या कडेवरच्या भावासह शाळेंत येऊं शकेल; आणि गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणांतच शाळा भरविली, तीच कुरणशाळा. मूल शाळेला येईना तेव्हां त्यांनीं शाळा मुलाकडे नेली.

येथें आमचा स्वतःचा एक अपराध सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका गांवच्या प्राथमिक शाळेंत आम्ही शिकवीत होतों. तिसरींतील एक मुलगा दर गुरुवारीं गैरहजर राही. आम्हीं त्यास शुक्रवारीं दाराशीं उभें करण्याचा क्रम ठेविला. चार-पांच शुक्रवार तो उभा राहिला; मग शुक्रवारींहि येईना, आणि पुढें तर आठवडाच्या आठवडा येईनासा झाला. आम्हीं पटावर खुणा केल्या आणि स्वस्थ बसलों. त्याच्या घरीं गेला तो त्याचा बांकावरचा सोबती. दोघांमिळून परसबागेंत मेथीचा एक वाफा होता. "तुझ्या अर्ध्याला पाणी कोण घालणार? मी माझ्याच अर्ध्याला घालतों," असें त्यानें जाऊन सांगितलें, आणि दुसऱ्या दिवशीं तो मुलगा आला. गुरुवार हा तेथील बाजाराचा दिवस. आई भाजी घेऊन बाजारांत बसे आणि हा दोन वर्षांच्या बहिणीला सांभाळी, हें आम्हांस त्या सोबत्याकडून कळलें. वास्तविक हें विचारण्यास आम्हांस पांच मिनिटें लागलीं असतीं. गुरुवारीं तो पुढेंहि येत नसे, त्याला इलाज नव्हता. पण त्या दिवशीं काय झालें तें त्याचा सोबती शुक्रवारीं सकाळीं वाफ्याशीं बसून त्यास सांगे, आणि दाराशीं उभें करणें आम्हीं बंद केलें.

म्हणून आमच्या पारितोषिक समारंभांतील एका बक्षिसाविषयीं आमचें मत आम्ही येथें स्पष्टपणें नोंदवितों. संपूर्ण वर्षांत एकहि दिवस न चुकणाऱ्या मुलास पूर्ण हजेरीचें बक्षीस देण्याची चाल जुनी आहे आणि आम्हींहि लहानपणीं त्यासाठीं टाळ्या वाजविल्या आहेत. तथापि प्राथमिक वर्गांपुरतें तें बंद करावें असें आम्हांस वाटतें. तें बहुधा शाळेजवळ राहणाऱ्या आणि घरीं नोकर किंवा आजी असणाऱ्या मुलास मिळतें. कडेवर भाऊ घेऊन दिवस काढणाऱ्या मुलीस तें जन्मांत मिळावयाचें नाहीं. शिवाय बक्षिसाच्या हव्यासानें आजारी मूल शाळेंत येतें. एका वर्षीं एक मुलगा अंगावर कांजिण्या घेऊन पंधरवडाभर नेमानें हजर राहिला. बक्षीस त्यास मिळालें, आणि कांजिण्या त्याच्या वर्गांतील नऊ मुलांस. न चुकणाऱ्याचें कौतुक करूंच नये काय, असा आक्षेप येईल. कौतुक अवश्य करावें, पण तें वर्गाचें करावें. प्रत्येक मुलास एक सोबती नेमून द्यावा. जो आला नाहीं त्याच्या घरीं त्याच्या सोबत्यानें सायंकाळीं जावें, आजचा धडा सांगावा आणि उद्यांची पाळी आठवण करून द्यावी. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ज्या वर्गांतील फळ्यावरच्या दोन आंकड्यांमधील अंतर सर्वांत अधिक घटेल त्या वर्गास पुस्तकांची एक पेटी द्यावी. पेला एका घरच्या कपाटांत जातो. पेटी वर्गांत राहते.

पालकांस आमची विनंति मोठी नाहीं. लग्नकार्यें, जत्रा, मुंबईचे पाहुणे, हें सर्व आयुष्यांत असावयाचेंच. परंतु तीन दिवसांच्या लग्नास आठ दिवस आधीं निघण्याची जी आपली रीत आहे, तिच्यांत थोडी काटकसर करतां येईल. मूल येणार नसेल तर कारणाचा निरोप पाठवावा. कारण कोणतेंहि असो, आम्ही रागावणार नाहीं. दाराशीं उभें करण्याचे दिवस गेले. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कितीएक स्वतः वेळेवर वर्गांत असतां, आणि धाकटी बहीण मात्र घरीं चुलीपाशीं असते. सकाळीं निघतांना तिचा हात धरून आवाराच्या दारापर्यंत आणणें हें तुमच्या हातांतलें आहे.

एका प्रकारच्या गैरहजेरीस मात्र निरोप, सोबती, बक्षीस, कांहींहि पुरेसें नाहीं. नगर-बीडकडील अनेक गांवांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची माणसें निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता. आणि घरीं ठेवण्यास कोणी नसलें म्हणजे मुलेंहि गाडींत चढतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. अशा मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, गांवीं राहूं शकणाऱ्यांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. जेथें हीं चांगलीं चाललीं तेथें मुलें टिकलीं. पण चार-पांच महिन्यांनीं परतलेल्या मुलाला आपल्याच वर्गांत आपली जागा सांपडत नाहीं, त्यास मागच्या भिंतीशीं बसविलें जातें, आणि पुढच्या वर्षीं तें परततच नाहीं, असें आम्हीं एकाहून अधिक वेळां पाहिलें आहे. त्याची पाटी, त्याचा वाफा आणि त्याचा सोबती त्याच्या नांवानें राखून ठेवण्यास कोणत्याहि शासकीय आदेशाची वाट पाहण्याची गरज नाहीं.

हजेरीच्या बक्षिसासंबंधींची आमची सूचना आम्हीं मुख्याध्यापकांपुढें ठेविली असून शाळा पुन्हां उघडण्यापूर्वीं तिचा निर्णय व्हावयाचा आहे. पालकांनीं आपलें मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, लेखी कळवावें. कांजिण्यांच्या मुलाच्या वडिलांचें प्रतिकूल मत आम्हांस पोहोंचलें आहे.