अकरावीची केमिस्ट्री आणि आपली मुले

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपण मराठी माध्यमातील गुणवंतांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. भाषणे होतात, फोटो निघतात. पण यातील किती मुले पुढे पीयूसी सायन्स चांगल्या गुणांनी पार करतात, याची चौकशी आपण करीत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील पालक आम्हाला एकच सांगतात : गणित कसेबसे निभावते, पोरगं केमिस्ट्रीत अडकलं.

यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. गणितात चिन्हांवर पुष्कळ भागते. केमिस्ट्री शब्दांवर चालते. दहावीपर्यंत आम्ल, आम्लारी, क्षपण, मूलद्रव्य म्हणणाऱ्या मुलासमोर जूनमध्ये अ‍ॅसिड, बेस, रिडक्शन, एलिमेंट येतात. आपल्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. शेजारच्या बाकावरील कन्नड मुलाच्या लेखी क्षार म्हणजे अल्कली. शब्द एक, पदार्थ दोन! सर पुढे निघून जातात, मुलगा मागे राहतो.

विषय मुळात अवघड नाही. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतल्यास पाणी १८ ग्रॅमच होते, २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. गूळ संपला की गूळपोळ्या थांबतात, पीठ कितीही उरो. यालाच कॉलेजात लिमिटिंग रीएजंट म्हणतात. हे एकदा मराठीत उमगले की इंग्रजी नाव आपोआप लक्षात राहते.

यावर काही मंडळी म्हणतात, नातवंडांना पहिलीपासून इंग्रजी शाळेत घाला. आम्हाला हे मान्य नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी मराठीत रसायनशास्त्राची पुस्तके लिहिली. भाषा तेव्हाही अपुरी नव्हती. अकरावी सायन्स महाराष्ट्रातही इंग्रजीतूनच शिकवतात, पण तिथल्या अनेक शाळांत सेमी-इंग्रजीमुळे मुलांना आधीच सवय होते. आपल्या मुलांसाठी तसा पूल आपणच बांधायला हवा.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली आपल्या हातातली आहे. दहावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत गावोगावी सुट्टीचा वर्ग भरवावा. निवृत्त शिक्षक, औषध दुकानदार, सायन्सचे पदवीधर आपल्यात कमी नाहीत. मराठी-इंग्रजी शब्दांची यादी, मोलची कल्पना आणि समीकरणे संतुलित करणे, एवढे झाले तरी पहिली घटक चाचणी जड जाणार नाही.

दुसरी गोष्ट मागून घ्यायची आहे. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी १८० केमिस्ट्रीचे. ही परीक्षा २०१७ पासून मराठीतही होते. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांपुरतीच आहे. बेळगावच्या केंद्रावर ती का नको? भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्काची ही साधी मागणी आहे. समितीने आणि दोन्ही राज्यांतील लोकप्रतिनिधींनी ती दिल्लीत लावून धरावी.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढा चालूच राहील, पण निकालाची वाट बघत मुलांची अकरावी थांबत नाही. यंदाच्या सत्कारातील शालींचा खर्च वाचवून त्या पैशातून निदान एक वर्ग सुरू करावा, अशी आमची सर्व मंडळांना विनंती आहे.