परमुलखातून आलेला राखणदार

हिंजवडीच्या आयटी पार्कातून मुळा ओलांडली की म्हाळुंगे-बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले. याच मैदानावर पुढे नायजेरियाचा चिका वाली, इंग्लंडचे कॅलम अँगस, रॉजर जॉन्सन आणि मॅट मिल्स, इटलीचा ब्रुनो चिरिल्लो अशा व्यावसायिक बचावपटूंनी पुण्याचा गोल राखण्याची चाकरी केली. ते सगळे परतले, आणि ज्या क्लबांसाठी ते खेळले ते क्लबही उरले नाहीत. खेळाडूंचे जाणे स्वाभाविक होते, कारण करार संपला की पुढचे गाव शोधायचे हा त्यांच्या पेशाचा धर्मच आहे. प्रश्न यजमान शहराचा आहे. परक्या कौशल्याला पगार देऊन आपले रक्षण करून घेणारा समाज त्या कौशल्यातले किती आपल्या मातीत मुरवून घेतो, या कसोटीवर महाराष्ट्राचा इतिहास आपल्याला फारसे गुण देत नाही.

शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांच्यात वाटलेला असे आणि घेऱ्यातल्या वस्त्यांना राखणीच्या बदल्यात जमिनी असत. गड पडला तर आपले घर पडते, हे त्या राखणदारांना कोणी शिकवावे लागत नसे. अठराव्या शतकात युद्धतंत्र बदलले. कवायती पायदळ आणि शिस्तबद्ध तोफखाना यांच्यापुढे जुनी गनिमी चपळाई अपुरी पडू लागली आणि मराठी सत्तेने परक्या तंत्राची वाट धरली. त्यात गैर काही नव्हते. फ्रेंचांच्या पद्धतीने तयार झालेला इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत होता, नंतर पेशव्यांकडे आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांसाठी प्राण देऊन गेला. पगारी माणूस निष्ठावान नसतो, हे अनुमान त्याच्या एका मरणाने कायमचे खोटे ठरवले आहे.

म्हणूनच महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या बेन्वा द ब्वान्य या सेनानीचे उदाहरण अधिक बोलके वाटते. सव्हॉयच्या या माणसाने उत्तर हिंदुस्थानात शिंद्यांसाठी कवायती पलटणी उभ्या केल्या, लढाया जिंकून दिल्या आणि १७९५ च्या अखेरीस तो चाकरी सोडून मायदेशी निघाला. त्याची जागा पेरॉनने घेतली. शिपाई इथले होते, पण हुकूम देणारे वरचे अधिकारी बहुतांशी युरोपीय राहिले, आणि त्यांच्यामागे उभी राहील अशी एतद्देशीय सेनापतींची फळी कोणी तयार केली नाही. १८०३ मध्ये इंग्रजांनी आमिषे दाखवून शिंद्यांकडचे आपले देशबंधू फोडले आणि ऐन युद्धात पेरॉनही निघून गेला. लासवारीच्या रणात त्या पोरक्या पलटणी अशा झुंजल्या की जिंकणाऱ्या इंग्रज सेनापती लेकलाही त्यांच्या शौर्याची दखल घ्यावी लागली. पराक्रम आपल्याजवळ मुबलक होता. उणीव होती ती संपूर्ण फळीला एकाच वेळी हलवणाऱ्या नजरेची, आणि नेमकी तीच आपण उसनी घेऊन ठेवली होती. पुढे १८१८ च्या मार्चमध्ये सिंहगड इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा गडावरच्या शिबंदीत अरब आणि गोसावी शिपायांचा भरणा होता.

फुटबॉल या मुलखात आला तो विजेत्यांच्या पलटणींबरोबर. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक पहिल्यांदा वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला, आणि १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने तो पटकावेपर्यंत मुलकी भारतीय संघाचे नाव त्यावर कोरले गेले नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या मैदानांवर कंपन्यांचे आणि सरकारी आस्थापनांचे संघ रुजले. सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि पायांतली ताकद सरल्यावरही चालू राहणारा पगार, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात झगमगाट नव्हता, पण निवृत्त स्टॉपर त्याच शहरात राहत असे आणि संध्याकाळी पोरांना हेडिंग शिकवायला मैदानावर येत असे. त्या परंपरेतला महिंद्रा युनायटेड हा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि २०१० मध्ये त्याच्या मालकांनी तो बंद केला.

त्याआधी, २००७ मध्ये, पुणे एफसीची स्थापना झाली होती. या क्लबने २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेतेपद मिळवले आणि स्वतःची अकादमी चालवली. कॅलम अँगसची कारकीर्द या काळाचा चांगला नमुना आहे. जन्म लंडनचा, शिक्षण आणि खेळ अमेरिकेतल्या विद्यापीठात, मग स्वीडनचा गाईस, मग पुणे, नंतर गोव्याचा डेम्पो आणि कोलकात्याचा ईस्ट बंगाल. चषकांच्या छायाचित्रांत आघाडीवीर पुढे असतो. अँगससारख्या बचावपटूचे नाव सामन्याच्या वृत्तात बहुधा चूक झाली तरच येते. त्याचे खरे काम कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर चालते. चेंडू अजून प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असतानाच तो मान वळवून पाठीमागची मोकळी जागा मोजतो, तळहात पुढे ढकलून फळीला दहा पावले वर काढतो, आणि कॉर्नर मिळाला की शेजारच्या पोराला दंडाला धरून अर्धे पाऊल आत सरकवतो. ते अर्धे पाऊल कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही, शेजारी उभे राहूनच ते कळते.

शेजारी उभा राहिलेला एक जण म्हणजे मलप्पुरमचा अनस एडाथोडिका. मुंबई एफसीतून तो पुणे एफसीत आला, परदेशी बचावपटूंच्या जोडीने काही हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये, वयाच्या तिशीत, भारतीय संघात उतरला. पुण्याच्याच अकादमीतला आशिक कुरुनियन २०१६ मध्ये स्पेनच्या व्हिलारियालमध्ये जाऊन आला. पुढे भारतासाठी विंगवर खेळला, तसाच लेफ्ट बॅक म्हणूनही. उलट दिशेची वाट किती खडतर असते हे संदेश झिंगनने अनुभवले. २०२१ मध्ये तो क्रोएशियाच्या शिबेनिककडे गेला आणि दुखापतीमुळे एकही अधिकृत सामना न खेळता परतला. गोव्याच्या महेश गवळीचा प्रवास मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याने घर सोडून कोलकात्यात नाव काढले, २००३ मध्ये ईस्ट बंगालबरोबर जाकार्तात आसियान चषक जिंकला आणि नंतर तो राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. मिळवलेली विद्या पुढच्या पिढीकडे पोचली, ती अशी.

बालेवाडीत ही साखळी जोडली जात असतानाच तुटली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी चालत. पुढे ही संख्या पाच आणि मग चार झाली, पण आरंभीची काही वर्षे आघाडीवीराच्या आणि मधल्या बचावपटूच्या जागा जणू पाहुण्यांसाठीच राखलेल्या होत्या. एफसी पुणे सिटीकडे पहिल्या वर्षी इंटर मिलानमधून खेळलेला चिरिल्लो आला, दुसऱ्या वर्षी २०११ मध्ये वेम्बलीवर बर्मिंगहॅमसाठी लीग कप जिंकलेला जॉन्सन आला, आणि २०१८ मध्ये मिल्स. आडात नसलेले पोहऱ्यात आणण्याची ही खटपट होती. पुणे एफसी मोडल्यावर त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचे झाले. मार्च २०१८ मध्ये उपांत्य फेरीची पहिली लढत बालेवाडीत गोलशून्य सुटली. परतीच्या लढतीत सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी बंगळुरूने पुण्याला हरवले. पुढच्याच वर्षी आर्थिक ओढाताणीत क्लब संपला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले. २०२५ मध्ये तीच जागा हैदराबादहून दिल्लीला हलली. मालकाच्या तिजोरीवर उभी राहिलेली तटबंदी मालकाबरोबरच जाते.

हे हिंजवडीला तरी वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. इथली हजारो माणसे करारावर परदेशी जातात, ऑनसाइट राहतात, परततात, आणि प्रकल्प सोडणाऱ्याने मागे राहणाऱ्याला केटी, म्हणजे कामाचे ज्ञान, दिल्याखेरीज त्याला मोकळे करू नये, हा दंडक इथल्या प्रत्येक इमारतीत पाळला जातो. महादजींच्या दरबारात हा दंडक असता तर १८०३ चे चित्र कदाचित निराळे दिसले असते. बालेवाडीच्या क्लबांच्या करारांतही तो असायला हवा होता. खेळाडूच्या करारात पोरांना शिकवण्याचे तास असावेत आणि अकादमीची मालकी क्लबमालकाकडे न राहता शहराच्या एखाद्या टिकाऊ संस्थेकडे असावी, एवढी व्यवस्थाही आपण केली नाही.

२०१९ पासून पुण्याचा संघ देशाच्या अव्वल लीगमध्ये नाही. उद्या नवा मालक येईल, नवा परदेशी स्टॉपर आणील, विमानतळावर हारतुरे होतील. त्या दिवशी क्रीडाखात्याने आणि संबंधित महापालिकांनी बालेवाडीचे मैदान देण्यापूर्वी त्या मालकासमोर एकच अट ठेवावी: क्लब बुडाला तरी अकादमी इथेच राहील, आणि तिचा खर्च पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात जमा होईल. ही अट मान्य नसलेल्या मालकाला मैदान देऊ नये.