राणीताईंचा दवाखाना

दवाखान्याची पायरी चढताना कुणाकुणाच्या पोटात गोळा येतो? आमच्या दाभोळच्या शाळेत विचारलं, तर निम्म्या वर्गानं हात वर केले! मोठ्यांनाही भीती वाटते बरं का. फक्त ती बोलत नाहीत.

डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. अमेरिकेत शिकून परत आल्या आणि १९८६ साली पती डॉ. अभय बंग यांच्यासोबत गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. दोन खेड्यांतल्या ६५० बायांना त्यांनी तपासलं. शंभरातल्या ९२ जणींना बायकांचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी त्यासाठी डॉक्टरांनी तपासलं होतं जेमतेम आठ जणींना! बाकीच्या लाजेपायी, भीतीपायी मुकाट सोसत होत्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे छापून आलं.

'बायका अडाणी' म्हणून राणीताई मोकळ्या झाल्या नाहीत. भीती कशाची, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. मोठाल्या इमारती, पांढरे कपडे, न कळणारी भाषा, त्यात घरच्यांना बाहेर काढतात! मग शोधग्रामला दवाखाना बांधला तो आदिवासींच्या घरांसारखा, झोपड्या-झोपड्यांचा. नाव दिलं त्यांच्याच दंतेश्वरी देवीचं. आजाऱ्यासोबत घरची माणसंही तिथं राहतात.

आज घरी आईला विचारा हं, "आई, तुला कुठं दुखतंय का गं?" ती म्हणेल, "काही नाही रे, जा अभ्यास कर." थोड्या वेळानं पुन्हा विचारा.